बर्फावरचं नाणं

आमच्या अण्णांना यंत्राशी बोलायची खोड आहे. माणसांशी दोन शब्दांत आटपतील, पण मिक्सर जरा जास्त घुरघुरला की त्याच्यापाशी उभं राहून "काय रं, काय झालं तुला?" अशी चौकशी करतील. अण्णा म्हणजे माझे सासरे, बसगोंडा मुरगुडे. सगळा जन्म इचलकरंजीत मागांवर जॉबर म्हणून काढला. माग बिघडला की कान लावून ऐकायचं आणि नेमकं काय रुसलंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. पुढं घराशेजारच्या शेडमधले माग भंगारात गेले, अण्णा राहिले. माझा नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच, एक तोंडाळ सून आणि एक यंत्रांशी बोलणारा सासरा. लोकांना गंमत वाटते. वाटू दे.

त्याच रिकाम्या शेडमध्ये मी गल्लीसाठी गारघर चालवते. गारघर म्हणजे सगळ्या गल्लीचा मिळून एकच मोठा फ्रीझर. तो का लागतो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पूर्वी घरोघरी फ्रीज होता आणि वरच्या कप्प्यात काय किती दिवस चालतं यावरून घरोघरी भांडणं होती. खरी गोष्ट अशी, की शून्याखाली अठरा अंशांवर अन्न गोठवलं की त्यातले जंतू मरत नाहीत, पण झोपतात. झोपलेला जंतू वाढत नाही, आणि तो वाढला नाही की अन्न बिघडत नाही. महिना काय अन् वर्ष काय! म्हणजे बाधायचं म्हणाल तर गोठलेल्या अन्नाला मुदत नव्हतीच. मुदत होती चवीला. पाण्याचा बर्फ होताना त्याच्या सुया तयार होतात, त्या हळूहळू वाढत भाजीला आतून फाडतात. वितळवलं की नुसता लगदा. वरचं पाणी उडून कडा पांढऱ्या, चामट पडतात, तेलातुपाला खवट वास मारतो. म्हणून आमटी दोन-तीन महिन्यांत संपवा, असं आमच्या आया सांगायच्या.

मग थंड समुद्रातल्या एका माशाचं गुपित शास्त्रज्ञांच्या हाती लागलं. त्याच्या रक्तात एक प्रथिन असतं. बर्फाचा बारीक कण तयार झाला की ते त्याला जाऊन चिकटतं आणि मोठा होऊच देत नाही. तेच प्रथिन आता टाक्यांमध्ये यीस्टकडून बनवून घेतात आणि त्याच्या पुड्या विकतात. मासा आपला समुद्रातच, त्यामुळे आमच्यासारख्या लिंगायत घरातही चालून गेलं, फक्त अण्णांना पटायला जरा वेळ लागला. चिमूटभर पूड आमटीत घालायची, पाकिटातली हवा काढून घ्यायची, गोठवायचं. सात-आठ वर्षांनी काढा, ताटात आजचीच आमटी.

भीती उरली ती एकच. गारवा मध्येच तुटला तर जंतू जागे होतात, लेकुरवाळे होतात, आणि पुन्हा गोठवलं की सगळं खानदान परत झोपी जातं. वरून बघून काही म्हणता काही कळत नाही. त्यासाठी प्रत्येक पाकिटावर कंपनीची एक टिकली असते, पांढरी. ऊब लागली की निळी होते आणि काही केल्या परत पांढरी होत नाही. निळी टिकली दिसली की पाकीट फेकायचं, असा नियम. त्यामुळे आता अन्नाचा वास कुणी घेत नाही. गल्लीतल्या नव्या सुना आमटी नाकाशी नेण्याऐवजी आधी टिकली बघतात. मी कधी वास घ्यायला लागले की माझ्याकडेच विचित्र नजरेनं बघतात.

त्या वर्षी गारघराचा एक अख्खा रकाना रेहाना मोमीनचा होता. रेहाना माझी शेजारीण, जिवाभावाची. तिची मुलगी सना पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, आणि नेमकं त्याच सुमारास रेहानाच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन मिरजेला ठरलं होतं. पुढं ढकलायला डॉक्टर तयार नाहीत. मग ही बाई पावसाळाभर एका स्टुलावर बसून लेकीचा खुराक रांधत होती. हरीरा, आळिवाची खीर, शेपूची भाजी, लसणाची आमटी, पायाचं सूप. सूप खालच्या वेगळ्या कपाटात, कारण अण्णा. "मी उभी राहू शकणार नाही गं, शिवलीला," ती म्हणायची, "पण पोरगीनं माझ्याच हातचं खाल्लं पाहिजे." पाकीट ठेवताना प्रत्येकावर हात फिरवायची.

घटस्थापनेच्या दिवशी अण्णांनी नवीनच काढलं. तांब्याचा तांब्या नळाच्या पाण्यानं भरला, कडेनं विड्याची पानं लावली आणि गारघरात मागच्या फळीवर नेऊन ठेवला. नारळ काही वरच्या फळीखाली मावेना, म्हणून नुसतीच पानं.

"अण्णा, घरात घट बसलाय की. इथं कशाला?"

"सगळ्या गल्लीचं पोट हितं हाय. मग हितं नको?"

दोन दिवसांनी परत आले, तोंड उतरलेलं. म्हणाले, "नाणं टाकायचं राहिलं गं कलशात. आता तर बर्फ झालाय." मी पाकिटं लावण्यात गुंतले होते. म्हटलं, "मग ठेवा बर्फावरच. देवी काय ओरडायची नाही तुम्हांला."

हे हसण्यावारी नेलं खरं, पण विसरणं अलीकडं वाढलं होतं. पावसाळ्यात अण्णा शेगडी चालू ठेवून देवळात गेले होते. एकदा बँकेतून येताना स्वतःच्या गल्लीची वाट चुकले, कुणीतरी आणून सोडलं. पुण्याहून मोठे भावोजी, म्हणजे अण्णांचे थोरले चिरंजीव महांतेश, फोनवर मला म्हणाले होते, "शिवलीला, आणखी एकदा असं काही झालं तर मी अण्णांना घेऊन जाणार. तू एकटी कुठंवर बघशील?" माणूस वाईट नाही, काळजीपोटीच बोलत होते. पण त्यांचं घर बाविसाव्या मजल्यावर, आणि तिथली यंत्रं सगळी मुकी, एकाचाही आवाज येत नाही. अण्णा मागं चार दिवस राहून आले तेव्हा भिंतीला कान लावून बसायचे. तिथं नेऊन ठेवलं असतं तर माणूस वाळून गेला असता. आणि मी? सून मी. मला विचारतंय कोण!

खंडेनवमीला मी रेहानाला घेऊन मिरजेला गेले. तपासण्या लांबल्या, तिला तिथंच दाखल करून घेतलं, मी मिरजेतच माहेरी मुक्काम केला. गारघराची किल्ली अण्णांकडे होती. दसऱ्याला सकाळी घरी पोचले तर शेडच्या दाराला झेंडूचं तोरण, आत धुपाचा वास, गारघराच्या कंप्रेसरला हळदकुंकू आणि त्याच्या गळ्यात हा एवढा हार. कपाटं अशी घासली होती की तोंड दिसावं. अण्णा स्वच्छ धोतर-टोपीत उभे.

"बघ, कसं लखलखतंय!"

मी दार उघडून बघितलं. सगळ्या टिकल्या निळ्या.

"अण्णा, वीज कधी गेली होती?"

"गेली कुठं? मीच बंद केलती. काल खंडेनवमी न्हवं? वरीसभर राबतंय बिचारं, एक दिस इसावा नको? मघाशी आरती करून चालू केलं बघ."

इचलकरंजीत ज्यानं माग बघितलेत त्याला हे समजावून सांगायला नको. खंडेनवमीला माग बंद. पुसायचा, तेलपाणी करायचं, पूजा करायची, दसऱ्याला पुन्हा चालू. त्या दिवशी माग चालवणारा मालक म्हणजे कसाई, अशी इथली रीत. अण्णांनी जन्मभर केलं तेच केलं होतं. इतकी वर्षं खंडेनवमीला मी समोर असायचे, म्हणून हार-कुंकवावर भागायचं. या खेपेला त्यांना मोकळं रान मिळालं. गरम पाण्यात फडकं पिळून एकेक पाकीट पुसलं होतं. आतल्या तापमानाची नोंद ठेवणाऱ्या यंत्राची बॅटरीसुद्धा "तिला बी सुट्टी" म्हणून काढून देवापुढं मांडली होती. म्हणजे आत किती गरम झालं हे सांगायला यंत्रही नाही.

माझं तोंड सुटलं. सासऱ्याला सुनेनं बोलू नये असं बरंच बोलले. रेहानाचं नाव काढलं, सनाचं काढलं, अख्ख्या गल्लीचं काढलं. अण्णांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी ते उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "चुकलं का गं माझं?"

मला रडायला आलं.

तोवर गारघराचं यंत्र जागं झालंच होतं, आणि मध्ये रात्रभर वीज बंद होती एवढं त्याला कळलं होतं. त्यातली बाई शुद्ध मराठीत सांगत होती, "शीतसाखळी खंडित झाली आहे. कृपया सर्व पाकिटे नष्ट करावीत." गल्लीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर हाच निरोप. भावोजींच्याही, कारण यंत्र त्यांनी घेऊन दिलेलं. लगेच फोन आला. "मी निघालोय," ते म्हणाले, "अण्णांची बॅग भरून ठेव."

अण्णांनी ऐकलं होतं. जरा वेळानं ते उठले आणि आत जायला लागले.

"आता आणखी कुठं?"

"घट उठवायचा असतो आज. तेवढा उठवतो, मग येतो बॅग भरायला."

"घाला चुलीत तो तांब्या!" मी ओरडले. ते गेलेच. दोन्ही हातांत तांब्या धरून बाहेर आले, पानं गारठ्यानं काळी पडलेली, आणि मधोमध बर्फावर नाणं.

मी बघतच राहिले.

बर्फावर. वर! अहो, बर्फ वितळला असता तर नाणं तळाला गेलं असतं. पुन्हा गोठताना ते काही पोहून वर येत नाही. मी बोटानं ढकलून बघितलं, पक्कं चिकटलेलं. त्या पाण्यात प्रथिनाची पूड नव्हती, साधा नळाचा बर्फ. आणि तांब्याचं भांडं, एवढंसं, उघडं, तेही फळीवर एकटं. सगळ्या गारघरात आधी ऊब लागली असती ती यालाच. पाकिटं तर एकमेकांना खेटून गच्च भरलेली. भरलेलं गारघर दार लावून बंद ठेवलं तर दिवसभर काही बधत नाही. एवढासा तांब्या जर शून्याच्या वर गेला नाही, तर त्या गठ्ठ्यांची काय बिशाद!

"अण्णा, पाकिटं बाहेर काढून पुसली होती का?"

"छे. जागच्या जागी पुसली. एक कपाट उघडायचं, पुसायचं, लावायचं. चालू होतं की मशीन तवर. सगळं पुसून झाल्यावर पूजा केली, मग बंद केलं. त्यानंतर दार उघडलंच न्हाई. इसाव्याला टेकलेल्याला कशाला उठवायचं?"

म्हणजे टिकल्या निळ्या झाल्या त्या गरम फडक्यानं! आतल्या अन्नाला झळ लागलीच नव्हती.

तरी हे माझं एकटीचं अन्न नव्हतं. रेहानाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. टिकली, फडकं, नाणं, काही लपवलं नाही. ती म्हणाली, "एकच सांग. सना तुझी पोटची असती तर दिलं असतंस?"

लगेच हो म्हणणं सोपं होतं. मी डोळ्यांपुढं सनाला आणून बघितलं, ओली बाळंतीण, अंगावर पिणारं बाळ. पुन्हा एकदा सगळं मनात तपासलं. म्हटलं, "दिलं असतं. पण आज रात्री आधी मी खाते. आणि तुझी दोन पाकिटं कोल्हापूरला प्रयोगशाळेत तपासायला धाडते. तिथनं बरं आलं तरच सनाला."

"धाड," ती म्हणाली. मग, "अण्णांना ओरडलीस?"

"ओरडले."

"शहाणीच आहेस. जा, आधी चहा कर त्यांना."

संध्याकाळी भावोजी आले. हातात आपट्याची पानं होती, पण सोनं द्यायच्या आधीच विषयाला हात घातला. सकाळीच परत गारघरात ठेवलेला तांब्या मी काढून पुढं ठेवला आणि सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिवलीला, नाणं अण्णांनी आज सकाळी परत वर ठेवलं असेल. त्यांच्या लक्षात तरी असेल का?"

मला राग आला, पण प्रश्न खोटा नव्हता. मी तांब्या दिव्याखाली धरला. नाण्यावर कुंकवाचं बोट होतं, थोडं बाजूच्या बर्फावर सांडलेलं. नवमीच्या पूजेचं, यंत्र बंद करायच्या आधीचं.

"हे बघा भावोजी. कणकण वेगळा दिसतोय. बर्फाचं पाणी झालं असतं तर सगळा तांब्या लाल झाला असता. आणि सकाळी पाणी असतं तर यंत्र चालू करून एवढ्याशा वेळात त्याचा असा दगड झाला असता का? हे काय अण्णांनी सकाळी रचून ठेवलं?"

भावोजींनी तांब्या हातात घेऊन सगळीकडून बघितला. इंजिनीअर माणूस, बघितल्याशिवाय सोडायचा नाही. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण नाणं मुळात वर का? कलशात ते आत टाकतात ना?"

याचं खरं उत्तर म्हणजे अण्णांची बॅग भरून तिला कुलूप लावण्यासारखं होतं.

अण्णाच बोलले. "इसरलो होतो. घट बसवताना टाकायचं राहिलं. ध्यानात आलं तवर बर्फ झालता." मग पोराकडं बघत म्हणाले, "इसरतो रं मी, महांतेश. शेगडी इसरलो, वाट इसरलो. पुढं आणखी इसरीन. खोटं कशाला बोलू? पण काल इसरलो न्हाई. काल ध्यानात ठिवून बंद केलं. चूक झाली ती येगळी."

मी उठून रात्रीचं पान मांडलं. माझ्या स्वतःच्या रकान्यातलं एक पाकीट काढलं, येसराची आमटी, वर निळी टिकली. उकळून वाढली. भाकरी टाकल्या. यंत्रातली बाई आतून सांगतच होती, पाकिटे नष्ट करावीत. भावोजींनी वाटी उचलली. टिकली बघितली नाही. वाटी नाकाशी नेली, अगदी अण्णा न्यायचे तशी, डोळे मिटून.

"आईच्या येसराचा वास येतो," ते म्हणाले.

"आईनंच शिकवलाय मला."

त्यांनी भाकरी कुस्करली आणि जेवायला लागले. जेवण झाल्यावर खिशातून आपट्याची पानं काढून अण्णांच्या हातात दिली आणि वाकून पाया पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, एकटेच. जाताना मला एवढंच म्हणाले, "मेन स्विचला कुलूप घाल, आणि किल्ली तुझ्याकडे ठेव." ते मी केलं.

गल्लीतल्या काहींनी पाकिटं फेकली, काहींनी ठेवली. ज्यानं त्यानं ठरवायचं, मी कुणाला आग्रह केला नाही. कोल्हापूरहून अहवाल स्वच्छ आला. सनाला मुलगी झाली. रेहाना बाजेवर पाय पसरून बसायची, मी पाकिटं उकळून द्यायची आणि ती लेकीला भरवायची. सना एकदा म्हणाली, "अम्मी, हे आत्ताच केल्यासारखं लागतं." तेव्हा रेहानानं जो चेहरा केला तो बघायला अण्णाही दारात उभे होते.

ही गोष्ट बाहेर पसरायला वेळ लागला नाही. आता इचलकरंजीतल्या बहुतेक गारघरांत मागच्या फळीवर पाण्याचा एक तांब्या असतो, आणि बर्फावर नाणं. कुणी पानं लावतं, कुणी नाही. कंपनीचा माणूस येऊन हसून गेला. पण टिकली निळी झाली की बायका आधी तांब्या बघतात, आणि मग, देवाची कृपा, वासही घेतात.

या वर्षीच्या नवरात्रात मी अण्णांना हाताला धरून गारघरात नेलं. हल्ली ते फार बोलत नाहीत, यंत्राशीसुद्धा. मला कधी शिवलीला म्हणतात, कधी सासूबाईंच्या नावानं हाक मारतात. कंप्रेसरवर हात ठेवून मात्र बराच वेळ उभे राहतात, आवाज ऐकत. त्या दिवशी त्यांची नजर फळीवरच्या तांब्याकडं गेली. ते जवळ गेले, वाकून बघितलं आणि नाणं नखानं उचकटायला लागले.

"अण्णा, काय करताय?"

"नाणं आत टाकायचं असतंय गं. वरच ठिवलंय. कुणीतरी इसरलंय बघ."

मी त्यांचा हात हळूच बाजूला घेतला. बोटं गार पडली होती, ती पदरात धरली.

"हो अण्णा," म्हटलं, "विसरलंय कुणीतरी. राहू दे तसंच."